सहनशीलतेचा हिशेब : एका सर्किट बोर्डाच्या निमित्ताने

समोर बरेच तरुण चेहरे दिसताहेत, त्यात अभियांत्रिकीचे विद्यार्थीही आहेत असं आम्हाला सांगण्यात आलं. आमचा विषय आयुष्यभर तत्त्वज्ञान. तेव्हा ‘पॉवर सप्लायच्या व्होल्टेजमधली सूट’ या विषयावर आम्ही का बोलावं, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. त्याचं उत्तर एका वावरातल्या प्रसंगात आहे. आधी तो सांगतो, मग हिशेब करू. आज खरोखरच वहीतला हिशेब करायचा आहे. कागद-पेन असेल तर काढून ठेवा.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा इथे यवतमाळातच इंजिनिअरिंग शिकत होता. शेवटच्या वर्षाला त्याने एक यंत्र बनवलं. घरून मोबाइलवरून फोन लावायचा, की विहिरीवरची मोटर सुरू. पुन्हा लावायचा, की बंद. कल्पना नवी नव्हती. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ या नावाने असं यंत्र कितीतरी आधी शेतकऱ्यांपर्यंत नेलं होतं. पंप सुरू करायला आपल्या आजोबांना करावी लागणारी पायपीट त्यांच्या डोळ्यांसमोर होती. आपल्या जिल्ह्यातल्या कास्तकाराला तर ही पायपीट चांगलीच ठाऊक आहे. लाइन कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोनला लाइन आली की बॅटरी आणि काठी घेऊन वावरात जायचं, साप-विंचवातून.

पोराने बोर्ड बनवला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत शंभर वेळा तपासला. शंभर वेळा चालला. मग तो दिग्रसच्या पुढे त्याच्या काकांच्या वावरात बसवला. तिथे तो कधी चालायचा, कधी मध्येच बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. काका म्हणाले, “तुयं मशीन यवतमाळात शहानं अन् आमच्या वावरात येडं.” मे महिन्यातल्या एका रात्री मोटर सुरू करण्याचा हुकूम पोचला, पण बंद करण्याचा पोचलाच नाही. विहीर आटली, मोटर कोरडी फिरत राहिली आणि जळली. रिवायंडिंगचा खर्च काकांनी केला. पुतण्याला ते एका शब्दाने बोलले नाहीत, आणि त्याला नेमकं तेच लागलं. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “सर, मी सगळं तपासलं होतं. मग चूक कुठे झाली?”

हा प्रश्न इलेक्ट्रॉनिक्सचा आहे तसा प्रमाणशास्त्राचाही आहे. ‘तपासलं होतं’ म्हणजे नेमकं काय केलं होतं? त्या पोराबरोबर बसून आम्ही हा विषय शिकलो. शिकवणारा तो, प्रश्न विचारणारे आम्ही. जे समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट. आपण म्हणतो, ही चिप पाच व्होल्टवर चालते. हे अर्धवट विधान आहे. चिप बनवणारा असं कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, इथपासून इथपर्यंत. जुन्या ७४०० मालिकेतल्या लॉजिक चिपा घ्या. त्यांना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात, म्हणजे पाच व्होल्टच्या पाच टक्के वर आणि पाच टक्के खाली. आपल्या वऱ्हाडातल्या मूर्तिजापूर तालुक्यातले विजय भटकर, म्हणजे आपल्या शकुंतलेच्या दुसऱ्या टोकाचे. त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्यात वापरलेल्या टी-८०० ट्रान्सप्युटर चिपांची अटही हीच होती, पाच व्होल्ट, पाच टक्के वर-खाली. म्हणजे २५० मिलिव्होल्टची सूट. मिलिव्होल्ट म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग. आपण त्याला पैसा म्हणू आणि व्होल्टला हजार पैशांचा रुपया समजू, म्हणजे हिशेब सोपा जाईल.

घरच्या विजेलाही अशी सूट असते, बरं का. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत कमी दाबाच्या पुरवठ्यासाठी सहा टक्के वर-खाली अशी मर्यादा घातलेली होती. २३० व्होल्ट धरले तर साधारण २१६ ते २४४. डीपीपासून शेवटच्या खांबावर ज्यांचं वावर आहे त्यांनी हसू नये. नियमात काय आहे ते सांगितलं, तुमच्या खांबावर काय येतं ते तुम्ही सांगा.

तर ही जी सूट आहे, तिला इंग्रजीत टॉलरन्स म्हणतात. मराठीत आपण सहनशीलता म्हणू. चिपची सहनशीलता ही बोर्ड बनवणाऱ्याला मिळालेली शिल्लक आहे, आणि तिच्यावर हक्क सांगणारे अनेक जण आहेत. त्यातला प्रत्येक जण म्हणतो, माझं फार थोडं आहे. घरात महिनाअखेरीला जे होतं तेच इथे होतं. कोणा एकामुळे घर बुडत नाही, सगळ्यांची बेरीज कोणी केलेली नसते.

आता आपल्या पोराच्या बोर्डाची वही उघडू. त्यावर जीएसएम मोडेम होतं, म्हणजे मोबाइलचा आत्मा. त्याची अट ३.४ ते ४.४ व्होल्ट. पोराने मधला ४.० व्होल्ट निवडला. म्हणजे खाली ६०० पैसे शिल्लक, वर ४०० पैसे. खालची बाजू आधी बघू.

पहिला हक्कदार रेग्युलेटर. बारा व्होल्टमधून चार व्होल्ट करणारी चिप. तिच्या पोटात एक संदर्भ-व्होल्टेज असतं, इथे १.२३ व्होल्ट. त्याच्याशी तुलना करून ती आपलं आउटपुट जागेवर ठेवते. पण तो संदर्भ तरी नेमका कुठे असतो? थंडी-उन्हाळा धरून त्या चिपची हमी चार टक्क्यांची होती. चार व्होल्टचे चार टक्के म्हणजे १६० पैसे गेले.

दुसरा हक्कदार दोन रेझिस्टर. आउटपुट किती ठेवायचं हे रेग्युलेटरला दोन रेझिस्टरच्या गुणोत्तरावरून कळतं. पोराने ड्रॉवरमध्ये होते ते पाच टक्केवाले लावले. एक पाच टक्के जास्त आणि दुसरा पाच टक्के कमी निघाला तर? हिशेब असा आहे: एकमधून संदर्भ भागिले आउटपुट वजा करा, आणि त्याला दोन्ही रेझिस्टरच्या चुकांच्या बेरजेने गुणा. १.२३ भागिले ४ म्हणजे साधारण ०.३१. एकातून वजा केले, उरले ०.६९. गुणिले दहा टक्के म्हणजे ६.९ टक्के. चार व्होल्टवर २७७ पैसे! सगळ्या बोर्डावरचे सर्वात स्वस्त दोन दागिने, आणि त्यांनीच शिल्लकीचा जवळजवळ निम्मा भाग खाल्ला.

तिसरा हक्कदार तांबं. बोर्डावरचा ट्रॅक म्हणजे तार, आणि तारेला रोध असतो हे शाळेतच शिकवतात, पण काढताना विसरतात. नेहमीच्या बोर्डावर तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा असतो. त्याची गंमत अशी की लांबी आणि रुंदी सारखी असलेल्या कोणत्याही चौकोनाचा रोध साधारण अर्धा मिलिओहम असतो, चौकोन लहान असो की मोठा. म्हणून ट्रॅकमध्ये किती चौकोन बसतात ते मोजायचं. ६० मिलिमीटर लांब आणि दीड मिलिमीटर रुंद ट्रॅकमध्ये ४० चौकोन, म्हणजे २० मिलिओहम. आणि वीज जाते तशी परतही येते, हे विसरायचं नाही. परतीचा ट्रॅकही तेवढाच, एकूण ४० मिलिओहम. हे मोडेम संदेश पाठवताना दोन अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतं. दोन गुणिले चाळीस, ८० पैसे. वर आपला मे महिना. तापमान एक अंश वाढलं की तांब्याचा रोध साधारण ०.३९ टक्के वाढतो. विहिरीवरच्या पत्र्याच्या डब्यात ६५ अंश धरा, म्हणजे प्रयोगशाळेतल्या २५ पेक्षा ४० अंश जास्त. रोध सोळा टक्के वाढला. ८० चे ९३ झाले.

चौथा हक्कदार कनेक्टर. पॉवरचा बोर्ड वेगळा, मोडेमचा वेगळा, मध्ये पिना. एका पिनेचा २० मिलिओहम धरला तर जाणारी एक आणि येणारी एक, दोन अँपिअरला ८० पैसे.

पाचवा हक्कदार सर्वांत लबाड, कारण तो सतत दिसत नाही. जीएसएमचं मोडेम एकसारखं बोलत नाही. ४.६ मिलिसेकंदांच्या एका फेरीत ते फक्त ०.५७७ मिलिसेकंद, म्हणजे आठवा हिस्सा वेळ प्रक्षेपण करतं. त्या क्षणी प्रवाह एकदम दोन अँपिअरवर उडी मारतो. रेग्युलेटरला जाग यायला थोडा वेळ लागतो, तोवर भार कपॅसिटर उचलतो. कपॅसिटरला स्वतःचा आतला रोध असतो. तो ५० मिलिओहम धरला तर १०० पैसे तिथेच पडले. आणि रेग्युलेटर सावरायला ५० मायक्रोसेकंद घेत असेल, तर १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचं व्होल्टेज तेवढ्या वेळात आणखी १०० पैशांनी उतरतं. एकूण २००.

आता बेरीज करा. १६० अधिक २७७ अधिक ९३ अधिक ८० अधिक २००. किती झाले? ८१०. शिल्लक होती ६००. म्हणजे २१० पैशांचा तोटा. हा बोर्ड कागदावरच दिवाळखोर होता आणि तरीही प्रयोगशाळेत शंभर वेळा चालला. का?

इथे आमच्या शास्त्राची थोडी मदत घेऊ. न्यायशास्त्रात एक जुनं उदाहरण आहे. जिथे धूर तिथे अग्नी हे अनुमान बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर हे चूक. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर व्हायला सरपण ओलं लागतं. ही जी न सांगितलेली अट, तिला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. ज्याने आयुष्यभर ओलंच सरपण जाळलं त्याला वाटतं की अग्नी म्हटला की धूर आलाच. शंभर वेळा पाहून उपयोग नाही, कारण शंभरही वेळा सरपण ओलंच होतं.

‘प्रयोगशाळेत चालला, म्हणजे वावरात चालेल’ या अनुमानात अशा किती उपाध्या लपलेल्या होत्या बघा. प्रयोगशाळेत पंखा होता, तांबं थंड होतं. हे एक. दुसरी मोठी. यवतमाळ शहरात टॉवर जवळ आहे. टॉवर जवळ असला की मोबाइलला हळू बोलून चालतं, जाळंच त्याला तसं सांगतं, आणि प्रवाह कमी लागतो. दिग्रसच्या पुढे वावरात टॉवर लांब, तिथे मोडेमला ओरडावं लागतं. दोन अँपिअर तिथे लागतात. म्हणजे हे यंत्र ज्यांच्यासाठी बनवलं, त्यांच्याकडेच त्याची सगळ्यात कठीण परीक्षा होती, आणि आपण ती परीक्षा आपल्या सोयीच्या जागी घेतली. काका म्हणाले ते शब्दशः खरं होतं, यवतमाळात शहाणं आणि वावरात येडं.

[श्रोत्यांतून प्रश्न : सर, त्याने मल्टिमीटरने मोजलं नव्हतं का?]

मोजलं होतं. चांगला प्रश्न आहे. त्या बोर्डावर भार नसताना चार ऐवजी ३.७५ व्होल्ट येत होते. म्हणजे संदर्भ आणि रेझिस्टर यांनी मिळून अडीचशे पैसे आधीच खाल्ले होते. पोराने ते पाहिलं होतं. पण ३.४ च्या वर आहे ना, मग झालं, असं त्याला वाटलं. टेबलावर टॉवर जवळ, एक अँपिअर धरला, तर आणखी १८० पैसे पडतात. ३.५७. चालला. वावरात तापलेल्या तांब्यासह पूर्ण दोन अँपिअरला ३७३ पैसे पडतात. ३.७५ मधून ३७३ पैसे गेले की ३.३८ राहतात. मोडेमने मान टाकली. पण तिथे मल्टिमीटर काय दाखवत होता? ३.७०. कारण साधा मल्टिमीटर सरासरी दाखवतो. पडझड आठव्या हिस्स्याच्या वेळेत होते, म्हणून सरासरीत ती जेमतेम ४७ पैशांची दिसते. मीटर खोटं बोलत नव्हता, तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता. ती पडझड पाहायला ऑसिलोस्कोप लागतो, तोही प्रत्यक्ष वावरात.

आता दुरुस्ती. ‘मग व्होल्टेज थोडं वाढवू’ हा पहिला मोह होतो. पाच टक्क्यांचे रेझिस्टर काढून एक टक्क्याचे लावले, त्यांचा खर्च २७७ वरून ५५ वर आला. एकूण ५८८, शिल्लक १२ पैसे. पोर म्हणालं, आता ४.१ करून टाकतो, म्हणजे शंभर पैसे आणखी मिळतील. आम्ही म्हटलं, वरच्या बाजूची वही कुठे आहे? ती कोणी लिहिलेलीच नव्हती. ४.१ वर संदर्भाची चूक वरच्या बाजूला १६४, रेझिस्टरची ५७. झाले २२१. आणि संदेश संपतो तेव्हा रेग्युलेटरला थांबायलाही ५० मायक्रोसेकंद लागतात, त्यात व्होल्टेज १०० पैशांनी वर उसळतं. ३२१. वरची शिल्लक आता फक्त ३०० होती. म्हणजे पुढच्या दारातला चोर मागच्या दाराने आत घेतला. सहनशीलतेला नेहमी दोन कडा असतात, दोन्हींचा हिशेब एकदम करायचा असतो.

म्हणून आकडा ४.० वरच ठेवला आणि खर्च कमी केला. संदर्भ दोन टक्क्यांची हमी देणाऱ्या चिपचा घेतला, १६० चे ८०. रेझिस्टर ५५. परतीच्या ट्रॅकऐवजी बोर्डाच्या एका बाजूला सलग तांब्याचा पत्रा, ज्याला ग्राउंड प्लेन म्हणतात, तो ठेवला. परतीचा रोध दोन मिलिओहमवर आला. तांब्याचा खर्च ९३ वरून ५१. पिना दुप्पट केल्या, ८० चे ४०. झटक्याचे २०० तसेच. बेरीज ४२६. शिल्लक १७४.

ही शिल्लक उधळायची नाही. कपॅसिटर म्हातारा होतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबाबत ठोकताळा असा की दहा अंश तापमान वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. म्हातारा होताना त्याचा आतला रोध वाढत जातो. तो दुप्पट झाला तर आणखी १०० पैसे. ते आजच बाजूला काढून ठेवले. उरले ७४. आणि रेझिस्टर बदलायला लागले किती? काही पैसे, इथे खरेखुरे पैसे. एका जळालेल्या मोटरपुढे ते काहीच नव्हेत.

तुमच्यातले जाणकार म्हणतील, सर, सगळ्याच गोष्टी एकाच वेळी वाईट कशा होतील? तुम्ही फार भित्रा हिशेब केला. हा आक्षेप खरा आहे, अंशतः. ज्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र आणि यदृच्छेने होतात, त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढण्याची पद्धत आहे. आपल्या नव्या बोर्डावर संदर्भाचे ८० आणि रेझिस्टरचे ५५, सरळ बेरीज १३५, वर्गमूळाने साधारण ९७. हे हजारो बोर्ड बनवणाऱ्याला शोभतं, कारण काही बोर्ड बाद झाले तर त्याला चालतात. पण तांबं, पिना आणि झटका या तिघांना ही सवलत देता येत नाही. त्या संभाव्य चुका नाहीत, प्रत्येक संदेशाच्या वेळी हमखास होणारे खर्च आहेत, आणि तिघे एकाच दोन अँपिअरमुळे एकाच क्षणी येतात. जे एकाच कारणातून जन्मतात त्यांना स्वतंत्र मानणं हा तर्कदोष आहे. आणि ज्याने एकच बोर्ड बनवून एकाच विहिरीवर लावलाय, त्याला सरासरीचा आधार कसला? त्या काकांना एकच मोटर होती.

मोठ्या यंत्रांत हा हिशेब आणखी कडक होतो. आजच्या मोठ्या प्रोसेसरचं व्होल्टेज एक व्होल्टच्या आसपास आणि प्रवाह शंभर अँपिअरच्या घरात. एक व्होल्टवर तीन टक्के सूट म्हणजे एकूण ३० पैसे. शंभर अँपिअरला वाटेत एक दशांश मिलिओहम रोध असला तरी दहा पैसे गेले. म्हणून तिथे रेग्युलेटर आपल्या दारातलं व्होल्टेज पाहत नाही. वेगळ्या बारीक तारांनी थेट चिपच्या दाराशी काय पोचलं ते पाहतो आणि त्याप्रमाणे स्वतःला सावरतो. देणाऱ्याने आपल्याकडून किती निघालं यापेक्षा घेणाऱ्याकडे किती पोचलं ते मोजावं, असा त्याचा अर्थ. शेवटच्या खांबावरच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

आता समारोप. हा हिशेब न केल्याने जो तोटा होतो तो जात नाही कुठेच, फक्त दुसऱ्याच्या खात्यात पडतो. बोर्ड बनवणाऱ्याने २१० पैशांचा तोटा वहीत लिहिला नाही, म्हणून तो काकांच्या वहीत मोटरच्या किमतीने लिहिला गेला. आणि काकांना कळलंही नाही की तो कशाचा होता. त्यांनी यंत्राला येडं म्हटलं आणि पुन्हा काठी घेऊन रात्री वावरात जायला लागले. आम्हाला वाटतं, यंत्र बनवणाऱ्याची नीती जर कुठे असेल तर ती या वहीत असते. आपल्या चुका किती असू शकतात हे आधी लिहून काढणं, आणि त्या ज्याला सोसाव्या लागणार त्याच्या जागी उभं राहून बेरीज करणं.

तो पोरगा दुसरा बोर्ड घेऊन पुढच्या उन्हाळ्यात त्याच वावरात गेला. या वेळी आधी ऑसिलोस्कोप उसना घेऊन, मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, पत्र्याच्या डब्याजवळ बसून त्याने मोजलं. सर्वांत खालचा आकडा ३.६२ आला. तो त्याने आम्हाला तिथूनच फोन करून सांगितला. मग काकांनी फोन घेतला. म्हणाले, “आता हे घरीबी शहानं आहे अन् वावरातबी. पन सर, काठी मी दाराजवळच ठेवतो.”

आम्ही म्हटलं, ठेवा. ७४ पैसे आम्हीही राखून ठेवले आहेत.

प्रश्न असतील तर घेऊ या.